विश्लेषण : मुंबई खरेच सात बेटांची होती का? जमिनीखालचे आणि किनाऱ्यावरचे संशोधन काय सांगते?

‘सात बेटे जोडून मुंबई तयार झाली’ हे वाक्य शाळेपासून प्रत्येक मुंबईकराच्या कानावर पडलेले असते. मात्र भूगर्भशास्त्र, इतिहास, पुरातत्त्व आणि सागरी जीवशास्त्र या शाखांतील अभ्यासातून या बेटाची कहाणी त्याहून बरीच जुनी आणि गुंतागुंतीची असल्याचे दिसते. गिरगाव, लालबाग, परळ, दादर, वरळी या भागांत सध्या चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत आणि त्यासाठी जमीन खोलवर खणली जात आहे. त्यामुळे या जमिनीखाली आणि किनाऱ्यालगत काय दडले आहे, हा प्रश्न आता केवळ अभ्यासकांपुरता राहिलेला नाही.

‘सात बेटे’ ही कल्पना आली कुठून?

कुलाबा, धाकटे कुलाबा, मुंबई, माझगाव, वरळी, परळ आणि माहीम ही सात नावे आज सर्वत्र सांगितली जातात. पण २३ जून १६६१ रोजी इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात झालेल्या विवाह करारात ‘मुंबई बंदर आणि बेट’ असा एकवचनी उल्लेख होता. हे बेट नेमके कुठपर्यंत, यावरून पुढे वाद झाला. १६६५ मध्ये ताबा घेण्यासाठी आलेल्या हम्फ्रे कुक याने माहीमवरही हक्क सांगितला. माहीम वेगळे असल्याचे पोर्तुगीजांचे म्हणणे होते. त्यावर, ओहोटीच्या वेळी मुंबईहून माहीमला चालत जाता येते, मग ते वेगळे बेट कसे, असा कुकचा युक्तिवाद होता.

या वादातच बेटाचे खरे स्वरूप कळते. भरतीला पाण्याखाली जाणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी खाजण जमीन या टेकड्यांच्या मध्ये पसरलेली होती. त्यामुळे बेटांची संख्या कोणत्या वेळी मोजली, यावर अवलंबून होती. इतिहास अभ्यासक टिम रायडिंग यांनी १६६१ ते १७२८ या काळातील भरावाचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. समुद्रातून नवी जमीन निर्माण करण्यापेक्षा, एकाच बेटाची ‘बुडालेली’ जमीन परत मिळवायची आहे, या दृष्टीने त्या काळचे इंग्रज या खाजणांकडे पाहत होते, असे या अभ्यासातून दिसते.

मुंबई पूर्वी अनेक बेटांची असावी, हा विचार नंतर बळावला. १८३०च्या दशकात आर. एक्स. मर्फी यांनी बॉम्बे जिऑग्राफिकल सोसायटीसाठी लिहिलेल्या निबंधाच्या शीर्षकातही ‘दोन किंवा अधिक बेटे’ एवढाच दावा होता. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एस. एम. एडवर्ड्स यांची पुस्तके आणि गॅझेटियर यांतून सात बेटांचा नकाशा रूढ झाला.

बेटाचा दगड किती जुना?

मुंबई बेटाचा सांगाडा दोन डोंगररांगांचा आहे. पश्चिमेला मलबार हिल ते वरळी आणि पूर्वेला डोंगरी, माझगाव, शिवडी ते शीव. मधला भाग सखल. हे सारे खडक ज्वालामुखीजन्य आहेत. मात्र ते सह्याद्रीतील बहुतांश काळ्या पाषाणाहून वयाने लहान असल्याचे अलीकडच्या संशोधनातून पुढे आले आहे. कांचन पांडे, व्ही. यतीश आणि हेतू शेठ यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कालमापनानुसार मुंबई परिसरातील या खडकांचे वय सुमारे सव्वासहा कोटी वर्षे आहे. डायनोसॉर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी नष्ट झाले. म्हणजे मुंबईचा हा दगड त्यानंतरचा.

हा काळ महत्त्वाचा अशासाठी, की याच सुमारास भारताच्या पश्चिम किनाऱ्यापासून सेशेल्सचा भूखंड तुटून दूर गेला. आज हिंदी महासागरात दूरवर असलेली सेशेल्सची बेटे आणि मुंबईचा किनारा हे एकेकाळचे शेजारी होते. त्या फाटण्याच्या प्रक्रियेतच मुंबईचे खडक तयार झाले, असे हे संशोधन सांगते.

दोन लाव्हाथरांच्या मधल्या काळात येथे उथळ, गोड्या पाण्याची तळी होती. वरळीच्या टेकडीत खोदकाम सुरू असताना अशाच एका तळ्याच्या गाळात इवल्याशा बेडकांचे जीवाश्म सापडले. ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले. १९३० मध्ये अमेरिकी अभ्यासक जी. के. नोबल यांनी त्यांना ‘इंडोबॅट्राकस’ हे नाव दिले आणि त्यांचे नाते ऑस्ट्रेलियातील बेडकांशी जोडले. याच थरांत कासवांचे अवशेषही मिळाले. मुंबईच्या वन्यजीवांचा सर्वांत जुना पुरावा असा वरळीच्या टेकडीच्या पोटातून आला आहे.

बंदराच्या तळाशी जंगल कसे सापडले?

१८७०च्या दशकात प्रिन्सेस डॉकसाठी खोदकाम सुरू होते. तेव्हा समुद्राच्या चिखलाखाली झाडांची पावणेचारशेहून अधिक खोडे सापडली. त्यांतील बहुसंख्य मुळांसकट, जागच्या जागी उभी होती. ही झाडे प्रामुख्याने खैराची होती. खैर कोरड्या जमिनीवर वाढतो, खाऱ्या पाण्यात नाही. म्हणजे हा भाग एकेकाळी समुद्रसपाटीच्या वर होता आणि नंतर पाण्याखाली गेला. पुढे अलेक्झांड्रा डॉकच्या, म्हणजे आजच्या इंदिरा डॉकच्या, खोदकामातही असे अवशेष मिळाले.

शेवटच्या हिमयुगानंतर जगभर समुद्राची पातळी सुमारे १२० मीटरने वाढली. मुंबईच्या बाबतीत त्याला जमीन खचण्याची जोड मिळाली असावी, असे भूगर्भशास्त्रज्ञ मानतात. ‘समुद्र हटवून मिळवलेले शहर’ ही मुंबईची ओळख गेल्या सव्वातीनशे वर्षांची आहे. त्याआधीची दीर्घ कहाणी समुद्राने जमीन घेतल्याची आहे.

या बेटावर आधी कोण राहत होते?

कोळी समाज हा या बेटाचा सर्वांत जुना ज्ञात रहिवासी मानला जातो. मुंबादेवी ही त्यांची देवता आणि शहराचे नावही तिच्यावरूनच आले. वरळी, माहीम, शिवडी, शीव, माझगाव येथील कोळीवाडे हे त्या वस्तीचे अवशेष. आगरी, भंडारी, पाठारे प्रभू, पाचकळशी, पळशीकर ब्राह्मण हे समाजही येथे इंग्रजांच्या कित्येक शतके आधीपासून आहेत. बिंबराजाने माहीमला राजधानी केली आणि सोबत अनेक कुळे आणली, अशी परंपरा ‘महिकावतीची बखर’ सांगते. वेगवेगळ्या काळात लिहिलेल्या प्रकरणांची ही बखर इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यातील तपशिलांबाबत इतिहासकारांत मतभेद आहेत.

दुसरा पुरावा स्थळनामांचा. गिरगावातील फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, मुगभाट, बोरभाट, पुढे चिंचपोकळी, बाभुळनाथ ही नावे बागा, शेते आणि झाडांची. उमरखाडी म्हणजे उंबराजवळची खाडी. पायधुनी म्हणजे खाजण ओलांडून आल्यावर पाय धुण्याची जागा. आज त्या परिसरात ना खाडी आहे, ना उंबर. पण नावांमुळे भरतीची जुनी रेषा नकाशावर आखता येते. मर्फी यांनीही बेटाचा जुना आकार शोधण्यासाठी जुन्या रहिवाशांच्या परंपरा आणि स्थळनामे यांचाच आधार घेतला होता.

या बागांच्या आणि टेकड्यांच्या मधोमध मोठे वन्यजीवही होते. गिरगावला लागून असलेल्या मलबार हिलवरून वाघ उतरून गवालिया टँकवर पाणी प्यायला आल्याची बातमी १८२०च्या दशकातील वृत्तपत्रात आढळते.

परळच्या रस्त्याखाली काय मिळाले?

१९३१ मध्ये परळ ते शिवडी रस्त्याचे काम सुरू असताना सुमारे साडेतीन मीटर उंचीची एक अखंड शिळा सापडली. तिच्यावर शिवाच्या सात आकृती कोरलेल्या आहेत. मध्यभागी एकावर एक तीन, तर त्यांच्या दोन्ही बाजूंनी उमलणाऱ्या चार. पायाशी वादक गण आहेत. शैलीवरून अभ्यासक तिचा काळ इसवी सनाचे पाचवे-सहावे शतक मानतात. समोरच्या खाडीतील घारापुरीच्या लेण्यांशी तिची तुलना केली जाते. परळच्या बारादेवी परिसरातील मंदिरात असलेले हे शिल्प राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत असून त्याची प्रतिकृती छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहायला मिळते.

परळमध्येच शिलाहार राजा अपरादित्य याचा ११८७ सालचा शिलालेख मिळाला. मजकूर संस्कृतात, पण शेवटचे शापवचन मराठीत, हे त्याचे वैशिष्ट्य. दान मोडणाऱ्याला समजेल अशा भाषेत धाक घालायचा, तर तो बेटावरच्या लोकांच्या भाषेत घालणे भाग होते. त्यामुळे मराठीच्या सुरुवातीच्या पुराव्यांत परळच्या या लेखाची गणना होते.

या दोन वस्तूंमुळे ‘इंग्रज येण्यापूर्वी मुंबई म्हणजे मासेमारांची काही खेडी’ ही समजूत टिकत नाही. पंधराशे वर्षांपूर्वी परळला एवढे शिल्प घडवणारे कारागीर आणि त्यांना पोसणारा आश्रयदाता होता. मग त्यांची वस्ती, मंदिर, तळे कुठे होते? याचे उत्तर आजच्या इमारतींच्या खाली असण्याची शक्यता आहे.

बेटावरचे वन्यजीव आज कुठे आहेत?

ते मुख्यतः भरती-ओहोटीच्या पट्ट्यात आहेत. २०१७ मध्ये प्रदीप पाताडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा उपक्रम सुरू केला. गिरगाव चौपाटी, हाजी अली, जुहू येथे ओहोटीच्या वेळी फेऱ्या काढून नागरिक जिवांची छायाचित्रे घेतात आणि त्यांची नोंद खुल्या संकेतस्थळावर करतात. समुद्रफुले, ऑक्टोपस, रंगीबेरंगी समुद्री गोगलगायी, खेकडे, स्पंज अशा शेकडो प्रजाती त्यातून पुढे आल्या. ज्या पाण्याकडे शहराने सांडपाण्याची जागा म्हणून पाहिले, तेथे जिवंत परिसंस्था असल्याचा हा नोंदवलेला पुरावा आहे.

गिरगावकरांना या परिसंस्थेचा अनुभव वेगळ्या प्रकारे आला होता. सप्टेंबर २०१३ मध्ये दीड दिवसाच्या गणपती विसर्जनावेळी गिरगाव चौपाटीवर पाकट माशांच्या दंशाने पन्नासहून अधिक भाविक जखमी झाले. उथळ, वाळूच्या तळाशी बसून राहणे ही पाकटाची सवय. त्याच्यावर पाय पडला की तो शेपटीच्या काट्याने वार करतो. तेव्हापासून विसर्जनाआधी पाकट आणि जेलीफिशबाबत सूचना देण्याची पद्धत पडली.

हाजी अली आणि वरळीच्या कातळावर प्रवाळही आहेत. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे वाघाइतकेच संरक्षण आहे. किनारी रस्त्याच्या भरावात येणाऱ्या १८ प्रवाळ वसाहती २०२० मध्ये हलवण्यात आल्या. वरळीच्या वसाहती कुलाब्याला नेण्यात आल्या, तर हाजी अली येथील त्याच परिसरात थोड्या अंतरावर. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली हे काम झाले. वसाहती जगणे म्हणजे अधिवास टिकणे नव्हे, असा आक्षेप काही अभ्यासकांनी घेतला. कारण प्रवाळांसोबत त्या कातळावर राहणारे इतर जीव हलवता येत नाहीत.

पूर्वेकडे शिवडीच्या चिखलपट्ट्यात १९९०च्या दशकापासून रोहित पक्ष्यांचे थवे येऊ लागले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २०२२ मध्ये ठाणे खाडीत सहा रोहितांना उपग्रह टॅग बसवले. त्यांतून मुंबई आणि गुजरातमधील पाणथळ जागा यांच्यात होणारी त्यांची ये-जा स्पष्ट झाली. एका ठिकाणचा चिखल बुजला, तर त्याचा परिणाम शेकडो किलोमीटरवरच्या साखळीवर होतो. शिवडीहून निघणारा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाल्यानंतर या निरीक्षणांचे महत्त्व वाढले आहे.

कोळी समाजाच्या माहितीला संशोधनात स्थान आहे का?

वरळीच्या उदाहरणावरून ते असायला हवे, असे दिसते. किनारी रस्ता आणि वरळी-वांद्रे सागरी सेतू यांना जोडणाऱ्या पुलाच्या खांबांमध्ये ६० मीटरचे अंतर ठरवण्यात आले होते. वरळी कोळीवाड्यातील मच्छीमारांनी त्याला हरकत घेतली. वारा, प्रवाह आणि लाटा एकत्र आल्या की एवढ्या अंतरातून होड्या सुरक्षित बाहेर काढता येत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. काम बराच काळ रखडले. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये एक खांब वगळून अंतर १२० मीटर करण्याचे मान्य झाले. मच्छीमारांची मूळ मागणी त्याहून अधिक अंतराची होती.

कातळावर कालवे वेचणाऱ्या कोळी स्त्रियांना कोणत्या खडकावर काय मिळते, कोणत्या महिन्यात काय दिसेनासे होते, हे पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण असते. प्रकल्पापूर्वीच्या पर्यावरणीय अहवालासाठी मर्यादित दिवसांची पाहणी होते. ऋतूनुसार बदलणारा किनारा त्यात पूर्णपणे टिपला जात नाही. अशा वेळी हे निरीक्षण नोंदवलेच गेले नाही, तर ज्या स्थितीशी तुलना करायची, तिचा दस्तऐवजच उरत नाही.

बेटाच्या जुन्या आकाराचा आणि हिंदमाताच्या पाण्याचा काय संबंध?

महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधले मोठे खिंडार अठराव्या शतकात हॉर्नबी वेलार्डच्या बांधाने बुजवण्यात आले. सर्वसाधारणपणे १७८४ हे त्याचे वर्ष सांगितले जाते. त्यानंतर आतली खाजणे कोरडी पडली. पुढे १८३८ मध्ये कुलाबा आणि १८४५ मध्ये माहीम कॉजवे झाला. बांधामागच्या सखल जमिनीवर वस्ती, गिरण्या आणि चाळी उभ्या राहिल्या. पण भराव टाकला तरी दोन डोंगररांगांमधली ही जमीन बशीसारखीच राहिली.

मुसळधार पाऊस आणि साडेचार मीटरहून मोठी भरती एकाच वेळी आली, की पर्जन्यवाहिन्यांचे पाणी समुद्रात जात नाही. मग ते सखल भागात साचते. परळ-दादर सीमेवरचे हिंदमाता हे त्यातले ठळक ठिकाण. हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया येथील उदंचन केंद्रे हे पाणी उपसून बाहेर टाकतात. दादरचे प्रमोद महाजन उद्यान आणि परळचे सेंट झेवियर्स मैदान येथे महापालिकेने पावसाचे पाणी तात्पुरते साठवण्यासाठी भूमिगत टाक्याही बांधल्या आहेत. नकाशावरून खाजण गेले असले, तरी पाण्याच्या दृष्टीने ते अजून तेथेच आहे.

मग नेमकी अडचण कोणती?

वरळीचे बेडूक, प्रिन्सेस डॉकमधील जंगल, परळचे शिल्प या तिन्ही गोष्टी कोणी शोधायला गेले म्हणून नव्हे, तर दुसऱ्याच कामासाठी खणताना मिळाल्या. त्या ओळखणारे कोणी तरी तेव्हा जवळ होते, म्हणून त्या वाचल्या. शेजारच्या साष्टी बेटावर मुंबई विद्यापीठाचे पुरातत्त्व केंद्र, साठ्ये महाविद्यालय आदींच्या पुढाकाराने गेल्या दशकात पद्धतशीर सर्वेक्षण झाले. तेथे मोकळी जमीन आणि जुनी गावठाणे उरली असल्याने ते शक्य झाले. जोगेश्वरीतील एका विहिरीत तर काही वर्षांपूर्वी भूगर्भातील पाण्यात राहणाऱ्या अंध माशाची नवी प्रजाती मिळाली आणि तिच्या ‘रक्तामिक्थिस मुंबा’ या शास्त्रीय नावात मुंबा आली. दक्षिण आणि मध्य मुंबईत अशी मोकळी जमीन जवळपास नाही. येथे जमिनीखाली पाहण्याची संधी मिळते ती जुनी इमारत पडल्यानंतर आणि नवीचा पाया भरण्यापूर्वीच्या काही महिन्यांतच.

सध्या बीडीडी चाळी, गिरण्यांच्या जमिनी आणि उपकरप्राप्त इमारती यांच्या पुनर्विकासात ही संधी एकाच वेळी अनेक ठिकाणी येत आहे. मात्र १९९५ची वारसा नियमावली मुख्यतः जमिनीवर दिसणाऱ्या वास्तूंसाठी आहे. संरक्षित स्मारकाभोवती बांधकामावर निर्बंध असतात, पण त्याबाहेर खोदकामापूर्वी वा खोदकाम सुरू असताना पुरातत्त्वीय पाहणी करण्याची सरसकट अट नाही. जमिनीत गाडलेली मौल्यवान वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. पण त्यासाठी मुळात ती वस्तू आहे, हे खणणाऱ्याच्या लक्षात यावे लागते. जेसीबीच्या बादलीत आलेला खापराचा तुकडा, शिंपल्यांचा थर किंवा काळवंडलेले खोड डंपरमधून निघून जाते.

यासाठी प्रकल्प थांबवावे लागतील असे नाही. ब्रिटनसह अनेक देशांत मोठ्या खोदकामावर पुरातत्त्वज्ञाची देखरेख ठेवली जाते. काही आढळले तर ठरावीक मुदतीत नोंद घेतली जाते आणि नंतर बांधकाम पुढे सरकते. मुंबईत प्रत्येक मोठ्या इमारतीसाठी जमिनीला छिद्रे पाडून मातीची तपासणी होतेच. त्या तपासणीचे अहवाल एकत्र आणून अभ्यासकांना खुले केले, तरी गाडल्या गेलेल्या खाड्या आणि खाजणांचा नकाशा काढण्यास मोठी मदत होईल. तो नकाशा इतिहासाच्या अभ्यासकांना जितका उपयोगी, तितकाच हिंदमाताला साचणाऱ्या पाण्याचा निचरा करू पाहणाऱ्या अभियंत्यांनाही.